पढतमूर्ख आणि सुरतेचे मेहताजी

जाणलेले आचरणात न आणता केवळ विद्वत्तेच्या अभिमानात वावरणाऱ्या माणसासाठी समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांहून निराळा असा दहावा समास राखून ठेवला आणि त्याला ‘पढतमूर्ख’ म्हटले. युरोपीय भाषांत अशा विद्वानासाठी रूढ असलेला ‘पेडंट’ हा शब्द इटालियनमध्ये मूळचा साध्या शिक्षकाचा वाचक. निंदा त्याला मागाहून चिकटली. आपल्याकडील पंतोजीचेही, घोकंपट्टी आणि छडी यांच्यापायी, काहीसे तसेच झाले. गुजरातेत पंतोजीला मेहताजी म्हणत, आणि तोच शब्द हिशेबनीस कारकुनालाही लागे.

या व्यवसायाची अब्रू राखणारे मेहताजी मला सुरतेत आढळतात. मराठी मनाला हे शहर 1664च्या लुटीमुळे ठाऊक. परंतु 1836 साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करून पुढे मराठीचे पाणिनी म्हणवले गेलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढील दशकात तेथील इंग्रजी शाळेवर होते. विभक्ती-प्रत्ययांच्या काटेकोरपणात ज्याचे तारुण्य गेले, त्याने शब्दच्छलातच रमावे, हे स्वाभाविक होते. दादोबांनी तसे केले नाही. प्रत्येक नियमाला उदाहरण मागण्याची वैयाकरणाची सवय त्यांनी रूढींकडे वळवली आणि दुर्गाराम मेहताजी, दलपतराम, दिनमणिशंकर व दामोदरदास यांच्यासह 22 जून 1844 रोजी मानवधर्मसभा स्थापन केली. सर्व मनुष्यांची जात एक, हे तिचे तत्त्व होते. आणि मंत्रतंत्राने भूत उतरवण्याचा दावा करणाऱ्यांना दुर्गाराम जाहीरपणे प्रत्यक्ष दाखला मागत. शास्त्रवचनांच्या पाठांतराला ज्या नगरात मोठी प्रतिष्ठा होती, तेथे दाखला मागणे हे, माझ्या मते, साऱ्या व्याकरणाहून मोठे विद्यादान होते.

1846 साली दादोबा मुंबईस गेले. तेथे 1849च्या सुमारास परमहंस सभा उभी राहिली, तिच्यामागे त्यांचेच विचार होते. इकडे 1852 साली दुर्गाराम राजकोटास गेल्यावर सुरतेची सभा ओसरली. तरीही तिची वादचर्चा आज आपल्याला वाचता येते, कारण दुर्गारामांनी ती कारकुनी निगुतीने टिपून ठेवली होती, आणि त्या टिपणांवरून महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी 1879 साली त्यांचे गुजराती चरित्र सिद्ध केले.