मृगाआधीचा पाहुणा

डोळे मिटा. महामार्गावरच्या गाड्यांची घरघर विरून रातकिडे ऐकू येऊ लागले, की उघडा.

साल १७६६. सावंतवाडीच्या गादीवर तिसरे खेम सावंत आहेत आणि तुम्ही पिंगुळीत चित्रं दाखवत गोष्टी सांगणाऱ्या एका ठाकर चित्रकथ्याच्या पडवीत बसला आहात. मृग तोंडावर आलाय, अंगाला घामाची चिकचिक आहे. ओल लागू नये म्हणून म्हातारा चित्रांची पोथी बासनात बांधतोय. एकेक कागद दिव्यापुढे धरतो, बघतो, खाली ठेवतो. आता हातात पंख तुटलेला जटायू आहे.

तेवढ्यात खळ्यात धप्प आवाज होतो.

नातू धावतो. तुम्ही दिवा घेऊन मागोमाग. जमिनीवर ओंजळीएवढं पाखरू धापा टाकतंय. हिरवी पाठ, पंखावर निळा तुकडा, पिवळसर छाती, शेपटीखाली कुंकवाचा लाल, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी. जणू पोथीतले सगळे रंग एकदमच सांडलेत.

“झिला, हात लावू नको. दमलेला आसा ता.”

म्हातारा करवंटीत पाणी ठेवतो. हा नवरंग रात्रीचा प्रवास करत दक्षिणेकडून आलाय, हिवाळा तिकडेच काढून, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे काही भाऊबंद तर श्रीलंकेपर्यंत जातात. याच वर्षी दूर स्वीडनमध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनियस त्याला ‘आखूड शेपटीचा’ असं शास्त्रीय नाव देतोय आणि कावळ्यांमध्ये बसवतोय. भारताची भूमी लिनियसने कधी पाहिलेली नाही.

उजाडतं. पाखरू उड्या मारत राईत शिरतं, पातेरा उलटून किडे टिपतं. मग मान मागे टाकून शीळ घालतं, दोनच सुरांची. म्हातारा बासनाची गाठ मारता मारता थांबतो.

परत या. याच पिंगुळीत चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी २००६ साली घरच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी दर पावसाआधी कागद जपले, म्हणून ती चित्रं आज तिथे बघता येतात. नवरंगाला बासन लागत नाही. झाडोऱ्याची सावली आणि पातेरा एवढंच त्याला हवं असतं. पातेरा झाडून जाळला, की त्याचं ताटच उचललं.

या वैशाखात राईतला पातेरा राहू द्या. पहाटे दोन सुरांची शीळ आली, तर ती तुम्ही आधी ऐकलेली असेल.