डेबियन ओपनएसएसएल दोष (२००८)

डेबियन ओपनएसएसएल दोष हा डेबियन या लिनक्स वितरणातील ओपनएसएसएल पॅकेजमध्ये आढळलेला एक गंभीर सुरक्षा दोष होता. तो सप्टेंबर २००६ मध्ये पॅकेजमध्ये शिरला आणि १३ मे २००८ रोजी जाहीर करण्यात आला. या दोषामुळे बाधित संगणकांवर निर्माण होणाऱ्या यादृच्छिक संख्यांचा अंदाज बांधणे शक्य झाले. परिणामी, त्या संख्यांच्या आधारे तयार झालेल्या कूटलेखनाच्या किल्ल्या काही हजार पर्यायांपुरत्या मर्यादित राहिल्या. सुरक्षा दोषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत त्याची नोंद सीव्हीई-२००८-०१६६ या क्रमांकाने आहे. चाचणी साधनाने दिलेला इशारा नाहीसा करण्यासाठी केलेला दोन ओळींचा बदल या दोषास कारणीभूत ठरला.

पार्श्वभूमी

ओपनएसएसएल ही सी भाषेत लिहिलेली मुक्त स्रोत लायब्ररी असून संकेतस्थळांशी होणारा सुरक्षित संपर्क, डिजिटल प्रमाणपत्रे आणि दूरस्थ संगणकावरील प्रवेश अशा अनेक कामांत तिचा वापर होतो. सार्वजनिक किल्ली पद्धतीत प्रत्येक वापरकर्त्याकडे किल्ल्यांची जोडी असते. त्यांपैकी सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते, तर खाजगी किल्ली गुप्त ठेवावी लागते. खाजगी किल्ली यादृच्छिक संख्यांपासून तयार होते. त्यामुळे गणिती पद्धत कितीही भक्कम असली, तरी मूळ संख्या ओळखता आल्यास किल्लीची गुप्तता टिकत नाही.

संगणक ठरावीक सूचनांनुसार चालत असल्याने त्याला स्वतःहून यादृच्छिक संख्या निर्माण करता येत नाहीत. यासाठी ओपनएसएसएल लिनक्स कर्नलकडून अनिश्चित स्वरूपाची माहिती घेते, ती एका अंतर्गत साठ्यात मिसळते आणि त्या साठ्यातून हव्या तितक्या संख्या काढते. या साठ्यात पुरेशी अनिश्चितता असणे हा संपूर्ण व्यवस्थेचा पाया होय.

दोषाचे कारण

व्हॅलग्रिंड आणि प्युरिफाय ही मेमरीच्या वापरातील चुका शोधणारी साधने आहेत. आरंभीचे मूल्य न दिलेली मेमरी एखाद्या प्रोग्रामने वाचल्यास ती इशारा देतात. ओपनएसएसएलमधील यादृच्छिक संख्यांच्या फाइलीत एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्यामुळे असे इशारे येत असत. ओपनएसएसएल वापरणाऱ्या इतर प्रोग्रामांची चाचणी घेतानाही हेच इशारे दिसत. त्यामुळे त्या प्रोग्रामांमधील खऱ्या चुका शोधणे अवघड होई.

दिसायला सारख्या असल्या, तरी या दोन ओळींचे कार्य भिन्न होते. पहिली ओळ संख्या बाहेर देणाऱ्या फंक्शनमध्ये होती. उत्तर ठेवण्यासाठी दिलेल्या जागेतील जुना मजकूरही ती साठ्यात मिसळत असे. ही ओळ वगळल्याने सुरक्षेला बाधा आली नसती. किंबहुना चाचणीच्या वेळी तेवढीच ओळ वगळण्याची सोय ओपनएसएसएलच्या मूळ आज्ञावलीत आधीपासून होती. दुसरी ओळ मात्र साठ्यात नवी माहिती भरणाऱ्या फंक्शनमध्ये होती. बाहेरून मिळालेली सर्व अनिश्चितता त्याच ओळीतून साठ्यात जात असे.

डेबियनच्या देखभालकर्त्यांनी मे २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या विकासकांच्या मेलिंग लिस्टवर या ओळींविषयी विचारणा केली. आलेल्या प्रतिसादात आक्षेप घेतला गेला नाही. मात्र हा बदल केवळ चाचणीसाठी आहे की प्रत्यक्ष वितरणासाठी, हे त्या चर्चेत पुरेसे स्पष्ट झाले नव्हते. त्यानंतर १७ सप्टेंबर २००६ रोजीच्या ०.९.८सी-१ या आवृत्तीत दोन्ही ओळी वगळण्यात आल्या. इशारे थांबले, परंतु त्यांबरोबर साठ्यात येणारी अनिश्चितताही थांबली.

किल्ल्यांची मर्यादित संख्या

या बदलानंतर साठ्यात मिसळणारी एकमेव बदलती बाब म्हणजे चालू प्रोग्रामचा प्रक्रिया क्रमांक ही होती. तत्कालीन लिनक्समध्ये हा क्रमांक सामान्यतः १ ते ३२,७६७ या मर्यादेत असे. त्यामुळे ओपनएसएसएचसाठी विशिष्ट प्रकारची व लांबीची किल्ली तयार केल्यास एका प्रोसेसर संरचनेवर जास्तीत जास्त ३२,७६७ वेगवेगळ्या किल्ल्या निघू शकत. किल्लीची लांबी २,०४८ बिट असली, तरी या मर्यादेत फरक पडत नसे. अशा सर्व किल्ल्या आधीच तयार करून त्यांचा संच बाळगणे सामान्य संगणकांनाही शक्य होते. दोष जाहीर झाल्यानंतर थोड्याच दिवसांत असे संच सार्वजनिकरीत्या उपलब्ध झाले.

व्याप्ती

हा दोष डेबियन ४.० या आवृत्तीत आणि डेबियनवर आधारित वितरणांत आढळला. उबुंटूच्या ७.०४, ७.१० आणि ८.०४ या आवृत्त्या बाधित होत्या. डेबियन ३.१ मध्ये हा बदल झालेला नसल्याने ती आवृत्ती सुरक्षित होती. ओपनएसएसएच व ओपनव्हीपीएनच्या किल्ल्या, डीएनएससेकच्या किल्ल्या, संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांच्या किल्ल्या आणि सुरक्षित संपर्कातील तात्पुरत्या किल्ल्या यांना धोका निर्माण झाला. जीएनयूपीजी आणि जीएनयूटीएलएस यांनी तयार केलेल्या किल्ल्यांवर परिणाम झाला नाही.

धोका केवळ डेबियन संगणकांपुरता मर्यादित नव्हता. बाधित संगणकावर तयार केलेली सार्वजनिक किल्ली अन्य प्रणालीच्या सर्व्हरवर प्रवेशासाठी नोंदवलेली असल्यास तो सर्व्हरही असुरक्षित ठरत असे. डीएसए पद्धतीत प्रत्येक स्वाक्षरीसाठी नवी गुप्त यादृच्छिक संख्या लागते आणि ती ओळखता आल्यास स्वाक्षरीवरून खाजगी किल्ली काढता येते. म्हणून सुरक्षित संगणकावर तयार झालेली, परंतु बाधित संगणकावर स्वाक्षरीसाठी एकदाही वापरलेली डीएसए किल्ली असुरक्षित मानण्याचा सल्ला देण्यात आला.

शोध आणि उपाययोजना

हा दोष लुसियानो बेलो यांनी शोधून काढला. डेबियनने १३ मे २००८ रोजी डीएसए-१५७१ या क्रमांकाची सुरक्षा सूचना आणि दुरुस्त पॅकेज प्रसिद्ध केले. या सूचना क्रमांकातील आद्याक्षरे डेबियनच्या सुरक्षा सूचनांची आहेत, डीएसए या स्वाक्षरी पद्धतीची नव्हेत.

पॅकेज अद्ययावत केल्याने पुढे तयार होणाऱ्या किल्ल्या सुरक्षित होत, पण आधीच्या किल्ल्या दुबळ्याच राहत. यासाठी पुढील कामे स्वतंत्रपणे करावी लागली:

* सर्व्हरच्या व वापरकर्त्यांच्या किल्ल्या नव्याने तयार करणे.
* जुन्या सार्वजनिक किल्ल्या जेथे जेथे नोंदवल्या होत्या, त्या सर्व ठिकाणांहून काढून टाकणे.
* संकेतस्थळांसाठी नवी प्रमाणपत्रे घेणे आणि जुनी रद्द करवून घेणे.

डेबियनने ज्ञात दुबळ्या किल्ल्यांची यादी आणि तिच्या आधारे किल्ल्या तपासणारे साधन उपलब्ध करून दिले. सुधारित ओपनएसएसएच सर्व्हर या यादीतील किल्ल्या नाकारू लागला. तथापि, यादीत प्रचलित लांबीच्याच किल्ल्या असल्याने किल्ली यादीत नसणे म्हणजे ती सुरक्षित असणे, असा निष्कर्ष काढता येत नव्हता. तसेच, पूर्वी कोणी नोंदवून ठेवलेला संपर्क दुबळ्या किल्लीने कूटबद्ध झालेला असल्यास तो नंतरही उलगडता येण्याचा धोका कायम राहिला.

परिणाम

दोष जाहीर झाल्यानंतर ५०,००० हून अधिक सर्व्हरांची दररोज पाहणी करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७५१ सर्व्हरांवर दुबळी प्रमाणपत्रे आढळली. पाहणीच्या आरंभी बाधित असलेल्या सर्व्हरांपैकी ३० टक्के सर्व्हर जवळपास सहा महिन्यांनंतरही बाधितच होते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था दुबळ्या किल्ल्यांसाठी बराच काळ प्रमाणपत्रे देत राहिल्याचेही या अभ्यासात दिसून आले. पुढे २०१५ मध्ये गिटहबवरील सार्वजनिक किल्ल्यांच्या तपासणीत अशा किल्ल्या पुन्हा आढळल्या आणि त्या रद्द करण्यात आल्या.

महत्त्व

या घटनेमुळे वितरणांनी मूळ प्रकल्पाच्या आज्ञावलीत परस्पर बदल करण्याच्या प्रथेवर व्यापक चर्चा झाली. मूळ आज्ञावलीत त्या ओळींचे प्रयोजन स्पष्ट करणारी पुरेशी टीप नसणे आणि बदल करणारे व तपासणारे यांच्यात नेमका संवाद न होणे, या दोन उणिवा प्रकर्षाने मांडल्या गेल्या. बाधित पॅकेज वापरातील सर्व कामे बिनचूक करत असल्यामुळे सुमारे वीस महिने हा दोष लक्षात आला नाही. दुबळी किल्लीही कुलूप उघडते व बंद करते, त्यामुळे नेहमीच्या चाचण्यांतून तिचा दुबळेपणा दिसून येत नाही. सॉफ्टवेअर विकासात इशारा बंद करण्यापूर्वी त्याचे कारण समजून घेण्याची आवश्यकता स्पष्ट करताना या दोषाचा दाखला दिला जातो.