एकरूख तलाव परिसरातील सायकलमार्ग

एकरूख अथवा हिप्परगा तलाव हा सोलापूरच्या ईशान्येस सुमारे ८ किमीवर, आदिला नदीवर मातीचे धरण बांधून निर्माण केलेला जलाशय आहे. धरणाचे काम १८७१ मध्ये पूर्ण झाले. सोलापूर–तुळजापूर रस्ता तलावालगत जात असल्याने सकाळच्या छोट्या फेरीसाठी शहरातील सायकलस्वारांना तो सोयीचा पडतो. पुढे तामलवाडीमार्गे बालाघाट डोंगररांगेतील घाट चढून तुळजापूर गाठता येते. सोलापूरपासूनचे अंतर सुमारे ४५ किमी. खरा कस या अखेरच्या चढावरच लागतो. हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ असून त्यावर अवजड वाहतूक असते. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, म्हणून पहाटे निघणे श्रेयस्कर. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास असंख्य भाविक याच रस्त्याने तुळजाभवानीच्या दर्शनास पायी जातात. त्या दिवसांत येथे वेगाने सायकल चालवणे अनुचित होय.