नागपूरची मध्यरात्र

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक डाकोटा विमान टपालाच्या पिशव्या घेऊन निघू लागले. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरला उतरत. तेथे दिव्यांच्या उजेडात पिशव्यांची अदलाबदल होई आणि उजाडता उजाडता प्रत्येक विमान आपापल्या शहरी परतलेले असे. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना सुरू झाली. तोपर्यंत विमानाचे टपाल म्हणजे व्यापाऱ्यांचे व साहेबांचे टपाल, अशीच समजूत होती. आता वसईतल्या एखाद्या मातेने दक्षिणेत शेंबगनूरच्या जेज्वीट महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या ब्रदर मुलाला पत्र लिहिले, तर तेही नेहमीच्याच तिकिटावर मद्रासपर्यंत आकाशमार्गे जाणार होते.

विमानवाहतूक म्हटली की आपण यंत्राचा आणि वैमानिकाच्या धाडसाचा विचार करतो. परंतु या धंद्याचे भवितव्य परवाना, पेट्रोल आणि वेळापत्रक या तीन रुक्ष गोष्टींनी घडविलेले आहे. नागपूरच्या त्या मध्यरात्री या तिन्ही एकत्र आल्या होत्या, म्हणून तो प्रसंग विस्ताराने सांगावासा वाटतो.

प्रारंभ अर्थातच १९३२ चा. १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एक छोटे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. उतारू हा या उद्योगाचा मूळ आधार नव्हताच; आधार होता सरकारशी झालेला टपालाचा करार. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा टाटांना आपला सारा संसार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे.

युद्ध संपले आणि चित्र पालटले. अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने भारतात पडून होती. ती स्वस्तात मिळू लागली. सैन्यातून मोकळे झालेले वैमानिक आणि यंत्रज्ञही उपलब्ध होते. १९४६ मध्ये परवाने देण्यासाठी मंडळ नेमले गेले आणि मंडळाने परवाने सढळ हाताने दिले. देशात जितका प्रवासी वर्ग होता, त्याच्या मानाने कंपन्या फार झाल्या. अंबिका, ज्युपिटर यांसारख्या कंपन्या थोड्याच काळात बंद पडल्या. विमान स्वस्तात मिळाले तरी पेट्रोल, दुरुस्ती आणि पगार स्वस्तात मिळत नाहीत, हे अनेकांना उशिरा उमगले. १९४९ मध्ये सरकारने पेट्रोलवरील जकातीचा काही भाग कंपन्यांना परत देण्यास आरंभ केला, परंतु मूळ दुखणे इंधनाचे एकट्याचे नव्हते.

या धंद्याचे मर्म आपल्या वसईच्या वाडीवाल्यांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. पहाटेच्या गाडीने दादरला गेलेली फुले त्या सकाळी विकली गेली तर पैसा. दुपारी त्याच फुलांना कोणी विचारीत नाही. विमानातील आसन असेच नाशवंत असते. विमान उडाले की रिकाम्या आसनाचे मोल शून्य होते, खर्च मात्र पूर्ण होतो. आणि विमान जमिनीवर उभे असले तरी त्यात गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज थांबत नाही. म्हणजे विमान जितके तास हवेत, तितका धंदा बरा. दिवसा उतारू नेणारे विमान रात्री टपाल नेऊ शकले, तर एकाच भांडवलावर दुप्पट काम होते. नागपूर मुंबईपासून सुमारे सातशे आणि कलकत्त्यापासून हजारच्या आतबाहेर किलोमीटर; दिल्ली व मद्रास त्यांच्या मधोमध. डाकोटाला हे अंतर तीन ते चार तासांचे. जाऊन येऊन एका रात्रीत काम होणार! कागदावर योजना सुंदर होती. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी ती मोठ्या उत्साहाने उचलून धरली.

जे. आर. डी. टाटांनी मात्र विरोध केला. रात्री उड्डाण करण्यास लागणाऱ्या मार्गदर्शक व संदेशवहनाच्या सोयी देशात पुरेशा नाहीत, त्या झाल्याखेरीज वैमानिकांना अंधारात पाठवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. व्यापारी स्पर्धेचा वास या विरोधाला येतो, असे तेव्हा काहींना वाटले असेल. तसे वाटणे अस्वाभाविक नाही. सेवा सुरू करणारी कंपनी काही महिन्यांतच थकली आणि ते काम हिमालयन एव्हिएशनकडे गेले. सेवा पुढे टिकली, लोकप्रियही झाली. पण १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून उडालेले डाकोटा लगेचच कोसळले आणि त्यात कामगार नेते व खासदार हरिहरनाथ शास्त्री यांच्यासह अनेकांचा अंत झाला. पत्र एक दिवस आधी पोहोचण्याचे मोल किती, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत मावत नाही. तरीही तो कोणाला तरी सोडवावा लागतोच, आणि तो सोडविणारा बहुधा त्या विमानात बसलेला नसतो.

दरम्यान १९५० मध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. (टपाल व तार कामगारांच्या १९४६ च्या तंट्यात लवाद म्हणून निवाडा देणारे हेच राजाध्यक्ष.) कंपन्या फार आहेत, त्यांचे एकत्रीकरण करून संख्या चारवर आणावी, राष्ट्रीयीकरण तूर्त लांबणीवर टाकावे, असा समितीचा मध्यममार्गी सल्ला होता. कंपन्या आपण होऊन एकत्र आल्या नाहीत. जुनी डाकोटा विमाने बदलण्याची वेळ जवळ येत चालली होती आणि तेवढे भांडवल कोणापाशी नव्हते. मग १९५३ च्या कायद्याने दोन महामंडळे स्थापन झाली आणि १ ऑगस्टपासून देशांतर्गत आठ कंपन्यांचा कारभार इंडियन एअरलाइन्सकडे गेला. परदेशी वाहतूक एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. टाटांना या निर्णयाचे दुःख झाले, तरी एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले व १९७८ पर्यंत सांभाळले. २ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल मुंबईच्या युखारिस्तिक काँग्रेससाठी आले, ते याच एअर इंडियाच्या बोईंग विमानाने.

सेमिनरीत असताना आम्हांला पोप अकरावे पायस यांचे १९३१ चे परिपत्रक अभ्यासावे लागे. लहान संस्था जे काम करू शकते, ते मोठ्या संस्थेने तिच्या हातून काढून घेऊ नये, हे त्यातील एक प्रमुख तत्त्व. या तत्त्वाच्या कसोटीवर १९५३ चा निर्णय चूक ठरेल काय? मला तसे वाटत नाही. त्या लहान संस्था ते काम करू शकत नव्हत्या, हेच तर चार वर्षांत दिसून आले होते. चूक झाली ती नंतर. गरजेपोटी आलेली मक्तेदारी गरज सरल्यावरही चाळीस वर्षे राहिली. तिकिटासाठी वशिला लागण्याचे ते दिवस आपल्यापैकी आखातात नोकरी केलेल्यांना आठवत असतील.

१९९४ च्या मार्चमध्ये ही मक्तेदारी कायद्याने संपली. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही नावे आली आणि काही वर्षांत गेलीही. १९४६ नंतरचाच खेळ पुन्हा झाला म्हणा ना! सरकारने या वेळी परवान्याबरोबर एक अट घातली: मोठ्या शहरांच्या किफायतशीर मार्गांवर जितकी क्षमता वापराल, तिच्या किमान दहा टक्के ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान व लक्षद्वीपकडे वळविली पाहिजे. ज्या प्रदेशाला नफा देता येत नाही, त्यालाही विमान मिळावे, हा तिच्यामागील विचार. त्याचा भार अर्थात मोठ्या शहरांच्या तिकिटावर पडतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा विमानाचे इंधन त्यातून वगळले गेले आणि राज्यांचे कर त्यावर राहिले. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. दोन्ही ठिकाणी हजारो कर्मचारी पगाराविना राहिले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांच्या हाती गेली.

नागपूरची रात्रीची टपालसेवा १९७० च्या दशकात थांबली. पल्लेदार जेट विमाने आल्यावर मध्ये उतरण्याचे कारणच उरले नव्हते. तरी भूगोल बदलत नाही. २००२ मध्ये महाराष्ट्र सरकारने विमानतळ विकास कंपनी स्थापन करून नागपूरला ‘मिहान’ची उभारणी हाती घेतली. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, तेथून माल चारही दिशांना सारख्याच वेळात जाऊ शकेल, हाच युक्तिवाद तेव्हाही पुढे आला.