क्षमेची कादंबरी लिहिणारा सेनापती

‘बेन-हर’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती रथांची शर्यत. १९५९ सालच्या चित्रपटात चाकांना दाते लावून दुसऱ्यांचे रथ फोडतो तो खलनायक मेसाला. १८८० च्या मूळ कादंबरीत मात्र मेसालाचे चाक मोडतो तो नायक जूदा, आणि तेही जाणूनबुजून! या बालमित्रानेच त्याला निरपराध असता गलबतावर वल्ही मारायला धाडले होते. पुढे महारोगाने ग्रासलेली त्याची आई आणि बहीण येशूच्या कृपेने बऱ्या होतात, तरी जूदाचा तलवारीचा मोह सुटत नाही. तो सुटतो थेट क्रुसापाशी. सूड इतका चिवट असतो, हे लेखकाला कोणी शिकवले असेल?

लेखक लू वॉलेस हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनापती. एप्रिल १८६२ मध्ये शायलोची लढाई झाली. (हे नावही बायबलातलेच, तिथल्या लहानशा चर्चचे.) ग्रँट दिवसभर याच्या तुकडीची वाट पाहत राहिला, ती वाट बदलत, मागे फिरत पोचली तेव्हा अंधार पडत होता. दोन दिवसांत दोन्हीकडचे तेवीस हजारांहून अधिक सैनिक मेले, जखमी झाले वा हरवले. उशिराचा ठपका वॉलेसवर बसला, आणि तो पुसण्यासाठी हा गृहस्थ वर्षानुवर्षे खुलासे लिहीत राहिला.

१८८५ मध्ये कर्करोगाने ग्रासलेला ग्रँट आठवणी लिहीत होता. त्याच लढाईत पडलेल्या, वॉलेस याच आडनावाच्या दुसऱ्या एका सेनापतीच्या विधवेला एक जुने पत्र सापडले; लू वॉलेसने ते लढाईच्या आदल्या दिवशी लिहिलेले. ते वाचून ग्रँटने आपला दोषारोप सौम्य केला. तेवीस वर्षांनी न्याय मिळाला, तोही तळटीपेत!

पण वॉलेसच्या हातीही एकदा क्षमा होती. न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर असताना, सँटा फेच्या जुन्या वाड्यात रात्री जागून तो ही कादंबरी पुरी करीत होता. त्याच सुमारास, मार्च १८७९ मध्ये, तो ‘बिली द किड’ या तरुण बंडखोराला गुपचूप भेटला. एका खुनाची साक्ष दे, तुला माफी देतो, असा सौदा ठरला. बिलीने साक्ष दिली. माफी आली नाही. १८८१ मध्ये सँटा फेच्याच तुरुंगातून त्याने गव्हर्नरला पत्रांमागून पत्रे लिहिली. उत्तर नाही. पुढे फाशीची शिक्षा झाली, तो पळाला, आणि १४ जुलैला गोळीने मेला. तोवर ‘बेन-हर’ छापून आठ महिने झाले होते.

बिलीच्या माफीचा अर्ज २०१० मध्ये पुन्हा निघाला. ३१ डिसेंबरला, कारकीर्दीच्या शेवटच्या दिवशी, गव्हर्नर रिचर्डसन यांनी तो नाकारला.