बोका अडतो तेव्हा

आमच्या धानोऱ्याकडे लोक मांजर पाळतात, असे म्हणणे फारसे खरे नाही. ते घरात असते, इतकेच. धानाची कणगी म्हटली की उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर आलेच. दिवसा चुलीजवळ पडावे, रात्री रान धुंडाळावे, उंदीर मिळाला तर ठीक, नाही तर तळ्यातल्या मासळीची डोकी आणि भात, असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार. आजारी पडले की ते कोपऱ्यात जाऊन बसते आणि बरे झाले तर परत येते. त्यामुळे मांजराला लघवीचा आजार होतो आणि त्याने धडधाकट बोका दोन-तीन दिवसांत दगावतो, असे मी म्हटले की ऐकणारे जरा हसतात. पण या आजाराचा इतिहास हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाने मांजराला रानातून घरात आणले, त्याची ही गोष्ट आहे.

मांजर मूळचे कोरड्या मुलखातले. आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर हे त्याचे पूर्वज. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आणि २००४ साली ते जगापुढे आले. म्हणजे आपली सोबत फार जुनी. पण इतक्या काळात मांजराचे मूत्रपिंड काही बदलले नाही. थोड्या पाण्यावर भागवायचे, लघवी अगदी घट्ट करायची आणि पाणी शिकारीतूनच मिळवायचे, ही त्याची रीत. उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. त्यामुळे उंदीर खाणाऱ्या मांजराला तहान अशी फारशी लागतच नाही. रानात जी देणगी, तीच पुढे घरात अडचणीची ठरली.

आपल्याकडे प्राण्यांच्या दयेची परंपरा जुनी आहे. मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा १८३२ साली दंगल झाली आणि १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. पुढे परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले आणि १८८६ साली तेथेच मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. विदर्भाला असे महाविद्यालय १९५८ साली नागपुरात मिळाले. पण या साऱ्या शिक्षणाचा भर कोठे होता? घोडा लष्कराला हवा होता आणि बैल शेतीला. मांजराचे कोणाचेच काही अडत नव्हते. आजही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-बैल, शेळ्या आणि कोंबड्या आधी येतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे मांजराच्या दुखण्याचे ज्ञान आपल्यापर्यंत फार उशिरा पोचले.

हे ज्ञान वाढले ते परदेशात, आणि त्यालाही निमित्त झाले मांजराच्या बदललेल्या राहणीचे. १९४७ साली अमेरिकेत एड लो नावाच्या तरुणाने शेजारणीला मांजराच्या पेटीत टाकण्यासाठी वाळूऐवजी सुकवलेली चिकणमाती दिली. आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. ती लघवी शोषून घेई, वास येत नसे. मांजराला बाहेर जाण्याची गरज उरली नाही. पाठोपाठ कारखान्यातले कोरडे खाद्य आले. त्यात पाणी जेमतेम दहा टक्के. उंदरातले सत्तर टक्के पाणी असे ताटातून गेले आणि रानात हिंडणारे जनावर चार भिंतींत आले.

मग बोके अडू लागल्याच्या तक्रारी वाढल्या. १९७० साली ऑस्बाल्डिस्टन आणि टॉसिग या दोघांनी ४६ मांजरांच्या नोंदींवरून या दुखण्याला एक एकत्रित नाव दिले. नाव मिळाले, पण कारण सापडले नव्हते. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅथरीन फॅब्रिकंट यांनी विषाणूवर बोट ठेवले. इतरांनी खाद्यातल्या क्षारांना दोष दिला. मूत्राशयात सापडणारे खडे बहुतेक करून ‘स्ट्रूव्हाइट’चे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे असत. गंमत अशी की या खनिजाची ओळख मांजरामुळे झालीच नव्हती. १८४५च्या सुमारास जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात एका चर्चचा पाया खणताना शेणखताच्या जुन्या थरात ते सापडले होते.

आम्लधर्मी लघवीत हा खडा विरघळतो. तेव्हा १९८० च्या दशकात खाद्य बनवणाऱ्यांनी मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी आम्ल राहील अशी योजना केली. इलाज लागू पडला. कार्ल ऑस्बर्न यांनी मिनेसोटात १९८१ साली खडे तपासण्याचे केंद्र काढले होते. तेथे पहिल्या वर्षी मांजरांच्या खड्यांत स्ट्रूव्हाइट ७८ टक्के होते आणि कॅल्शियम ऑक्झलेट अवघे २ टक्के. दोन दशकांनी पाहावे तो ऑक्झलेटचे खडे निम्म्यावर गेलेले! हा दुसरा खडा खाद्याने विरघळत नाही, तो बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. सगळा दोष खाद्याचाच होता असे नाही, पण एक खिडकी बंद करताना दुसरी उघडी राहिली, हे खरे.

त्याहून मोठा धडा पुढे मिळाला. लघवीला त्रास होणाऱ्या पुष्कळ मांजरांत खडाही सापडेना आणि जंतूही. ओहायोतल्या टोनी बफिंग्टन यांनी अशा मांजरांचा अभ्यास केला. भीती, कंटाळा, घरातली भांडणे, नवे जनावर, बदललेली जागा, या साऱ्याचा ताण त्यांच्या मूत्राशयावर उतरतो, असे दिसून आले. २००६ साली त्यांच्या गटाने अशाच ४६ मांजरांच्या घरातली व्यवस्था बदलून पाहिली. लपायला जागा, चढायला उंची, खेळ, स्वच्छ पेटी. बहुतेकांचा त्रास कमी झाला. म्हणजे मूत्राशयाचा इलाज निम्मा घरातच होता.

आता आपल्याकडचे सांगतो. भाटीपेक्षा बोक्याला धोका अधिक, कारण त्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडा किंवा चिकट बुळा अडकला की लघवी बंद. मग शरीरातले पोटॅशियम वाढते आणि हृदय थांबते. आमच्या आळीतल्या एक काकू एकदा सकाळी आल्या. “गुरुजी, बोका सारखा बसते न्‌ कुंथते जी. बद्धकोष्ठ दिसते, एरंडेल पाजू का?” म्हणाल्या. मी म्हटले, “काकू, एरंडेल राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.” त्याच्या पोटात मूत्राशय लिंबासारखे टणक लागत होते. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, सलाइन लावले. बोका वाचला. एक दिवस एरंडेलात गेला असता, तर वाचता ना.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कुंथणे, वारंवार बसणे, ओरडणे, तेथे चाटत राहणे, लघवीत रक्त दिसणे ही खूण समजावी. पोट दाबून लघवी काढू पाहू नये, मूत्राशय फुटते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये, मांजराला ती विषच आहे. एकदा अडलेला बोका पुन्हा अडतो, तेव्हा घरी आल्यावरही लक्ष ठेवावे. गडचिरोलीच्या दुकानांत आता कोरडे खाद्य मिळते. ते द्यायचेच तर पाण्यात भिजवून द्यावे. मासळी-भातही सैल कालवावा. उन्हाळ्यात रुंद तोंडाच्या भांड्यांत दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी ठेवावे.

आणि बोका रात्री कण्हत असेल, लघवीचा थेंबही येत नसेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये. जवळचा पशुवैद्य गाठावा.