नागपुरी संत्र्यातील अन्नद्रव्यांच्या कमतरतेचे निदान

नागपुरी संत्र्यातील अन्नद्रव्यांच्या कमतरतेचे निदान म्हणजे पानांवरील व फळांवरील लक्षणे, पान परीक्षण आणि माती परीक्षण यांच्या आधारे संत्र्याच्या झाडाला कोणते अन्नद्रव्य अपुरे पडत आहे हे ठरविण्याची पद्धत होय. नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड आणि अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी हे तालुके संत्रा लागवडीसाठी प्रसिद्ध आहेत. या पट्ट्यात अशा निदानाला विशेष महत्त्व आहे. काटोल येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र असून नागपूर येथे केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे.

कारणे

या भागातील अनेक बागा चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेल्या काळ्या जमिनीत आहेत. ही जमीन बहुधा विम्लधर्मी असते आणि काही ठिकाणी तिच्यात मुक्त चुना आढळतो. अशा जमिनीत लोह व जस्त असूनही ते विद्राव्य स्वरूपात राहत नसल्याने मुळांना मिळत नाहीत. त्यामुळे जमिनीत अन्नद्रव्य असणे आणि ते झाडाला उपलब्ध होणे या दोन वेगळ्या बाबी ठरतात. पाण्याचा निचरा न होणे, अतिरिक्त ओलित आणि मुळांची कूज यांमुळेही शोषण घटते. संत्रा लागवडीसाठी चुनखडीचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी असलेली जमीन योग्य मानतात.

लक्षणांचे स्थान

लक्षणे प्रथम जुन्या पानांवर दिसतात की नव्या, यावरून निदानाची सुरुवात होते. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात सहज वाहून नेली जातात. ती कमी पडल्यास झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पालवीला पुरवते, म्हणून जुनी पाने आधी बिघडतात. लोह व जस्त यांचे असे वहन फारसे होत नसल्याने त्यांची कमतरता नव्या पालवीवर, म्हणजे नवतीवर, उमटते.

प्रमुख लक्षणे

- नत्र : जुनी पाने शिरांसह एकसारखी फिकट पिवळी होतात, वाढ खुंटते.
- स्फुरद : फळांची साल जाड होते व गाभा पोकळ राहतो.
- पालाश : फळे लहान राहतात व साल पातळ होते.
- मॅग्नेशियम : जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून देठाजवळ उलट्या ‘व्ही’ आकाराचा हिरवा भाग उरतो. भरपूर फळे लागलेल्या फांद्यांवर हे ठळक दिसते.
- जस्त : नवी पाने लहान, अरुंद व टोकदार होतात, पेरे आखूड होऊन पानांचे झुपके बनतात, शिरांमधील भाग पिवळा पडतो.
- लोह : नव्या पानाचा पृष्ठभाग पिवळट-पांढरा होऊन त्यावर हिरव्या शिरांचे बारीक जाळे दिसते.
- मंगल : पानांचा आकार कायम राहतो, शिरांलगत गडद हिरवे पट्टे व मध्ये फिकट हिरवा रंग असतो.

एकाच झाडावर जस्त, लोह व मंगल यांची कमतरता एकत्र आढळू शकते. अशा वेळी केवळ पाहून केलेले निदान अपुरे ठरते.

रोगांशी साधर्म्य

सिट्रस ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगात पाने जस्ताच्या कमतरतेसारखीच पिवळी पडतात. मात्र कमतरतेतील पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, तर ग्रीनिंगमधील डाग दोन बाजूंना असमान असतात. फळेही वाकडी व अर्धवट हिरवी राहतात. हा रोग सिट्रस सायला या किडीमार्फत पसरतो. रोगट झाडाला कमतरता समजून केवळ फवारण्या करीत राहिल्यास रोग बागेत फैलावत राहतो. खात्रीसाठी प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी करतात. फायटोफ्थोरा बुरशीमुळे मुळे किंवा बुंध्याची साल कुजल्यास शिरा पिवळ्या व उरलेले पान हिरवे, असे उलट चित्र दिसू शकते. त्यामुळे पानांबरोबर बुंधा व मुळेही तपासणे आवश्यक असते.

पान व माती परीक्षण

पान परीक्षणासाठी फळे नसलेल्या फांद्यांवरील पाच ते सात महिने वयाची पाने घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत आलेल्या पालवीसाठी हा काळ साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबर असतो. निरोगी व बाधित झाडांचे नमुने वेगळे ठेवतात आणि नुकतीच फवारणी झालेली पाने टाळतात. माती परीक्षणात सामू, चुनखडी, सेंद्रिय कर्ब व उपलब्ध अन्नद्रव्ये पाहतात. दोन्ही अहवाल एकत्र वाचल्यास कमतरता जमिनीतील अभावामुळे आहे की शोषणातील अडथळ्यामुळे, हे कळते.

चाचणी फवारणी

निदान पडताळण्यासाठी काही फांद्यांवरच फवारणी करून उरलेल्या फांद्यांशी तुलना करता येते. जस्तासाठी ०.५ टक्के झिंक सल्फेट व ०.२५ टक्के चुना यांचे द्रावण नव्या पालवीवर वापरतात. पुढील पालवी हिरवी व पूर्ण आकाराची आल्यास निदानाला पुष्टी मिळते. सुधारणा न दिसल्यास मुळे, निचरा व रोग यांची तपासणी पुन्हा करावी लागते.

हेही पहा

- नागपुरी संत्री
- आंबिया बहर
- माती परीक्षण
- काटोल